आपल्या भाषेत टेम्प्लेट घालू पाहणाऱ्यांसाठी

सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही प्रकल्प म्हणून एक छोटी कंपाइल होणारी प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली होती, आणि पुढे नोकरी सांभाळत मी तिच्यात टेम्प्लेटची, म्हणजे एकदाच लिहिलेले फंक्शन निरनिराळ्या टाइपसाठी (पूर्णांक, दशांश अशा माहितीच्या प्रकारांसाठी) वापरण्याची, सोय घातली. असे काम हाती घेणाऱ्यांनी, टाइप लिहायला कोणते कंस वापरायचे या वादात शिरण्याआधी, टेम्प्लेटमधील टाइपची तपासणी व्याख्येच्या वेळी करायची की वापराच्या वेळी, हे ठरवून टाकावे.

आमचा चाचणीचा प्रोग्रॅम मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांचा होता. पोत्यांची संख्या पूर्णांकात आणि क्विंटलमधील वजन दशांशात असल्यामुळे क्रम लावणारे एकच फंक्शन दोनदा लिहावे लागत होते. टेम्प्लेटमुळे ते एकदाच लिहिता येते. मात्र कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) आत प्रत्येक टाइपसाठी त्याची वेगळी प्रत तयार करतो. सी++ आणि रस्ट या भाषांचा मार्ग हाच आहे. जावाने 2004 मध्ये टाइपची माहिती तपासणीनंतर पुसून एकच प्रत ठेवण्याचा मार्ग घेतला, तर गो भाषेच्या 2022 मधील 1.18 आवृत्तीने दोहोंमधला. नवशिक्याने प्रतींचाच मार्ग धरावा, कारण कोड जनरेटरला (कंपायलरच्या यंत्रभाषेतील कोड लिहिणाऱ्या भागाला) जवळजवळ हात लावावा लागत नाही.

प्रत मजकुराची नव्हे, सिंटॅक्स ट्रीची (कोडची रचना दाखवणाऱ्या झाडाची) करावी. फंक्शनचे नाव आणि टाइपची यादी मिळून एक किल्ली बनवावी, टाइपची टोपणनावे त्याआधीच सोडवून घ्यावीत, आणि प्रतीची नोंद तिचा देह (फंक्शनच्या आतला कोड) कंपाइल करण्यापूर्वीच, त्या किल्लीखाली, प्रतींच्या तक्त्यात करावी. अन्यथा स्वतःलाच बोलावणारे फंक्शन आले की कंपायलर तीच प्रत पुन्हा पुन्हा काढत बसतो. प्रत्येक फेरीत नवा टाइप निर्माण करणाऱ्या फंक्शनला मात्र ही नोंदही थोपवू शकत नाही, म्हणून एका प्रतीतून दुसरी अशा साखळीच्या खोलीवर मर्यादा घालावी लागते (जीसीसी या कंपायलरमध्ये ती मुळात 900 आहे). दोन फाइलींत तीच प्रत निघाली तर लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम) दुहेरी व्याख्येची तक्रार करतो; अशा सिम्बॉलना (प्रतींच्या नावांना) वीक, म्हणजे दुहेरी चालणारे, ठरवले की त्यांतील एकच उरते.

तपासणीबाबत माझे मत ठाम आहे: ‘तुलना करता येते’, ‘बेरीज करता येते’ अशा मोजक्या अटी पहिल्याच आवृत्तीत द्याव्यात आणि त्यांच्या आधारे देह व्याख्येच्या वेळीच तपासावा. सी++ मध्ये अशा अटींची अधिकृत सोय 2020 च्या मानकात आली. तोवर चुकीचा टाइप दिला की लायब्ररीच्या (तयार कोडच्या संग्रहाच्या) पोटातील ओळींचे पानभर संदेश सोसावे लागत. अटी मागाहून सक्तीच्या केल्या, तर आधी चालणारे प्रोग्रॅम मोडतात.

कंसांचे थोडक्यात सांगतो. कोनी कंस ‘पेक्षा लहान’ या चिन्हाशी गोंधळतात. गोने चौकोनी कंस घेतले, तसेच आम्हीही घेतले.

चाचण्यांत नाकारले जायलाच हवेत असे प्रोग्रॅमही ठेवावेत, आणि प्रत्येकासाठी त्रुटी नेमकी कोणत्या ओळीवर दिसली पाहिजे, हे लिहून तपासावे.