दूर पल्ल्याचे बिनतारी जाळे उभारायला शिकताना

बिनतारी जाळ्यांच्या प्रशिक्षणवर्गाला येणाऱ्या बहुतेकांचे लक्ष टॉवर आणि अँटेनाकडे असते. परंतु दोन गावांमधली लिंक चालणार की नाही, हे टॉवरवर चढण्याआधी बरेचसे कागदावरच ठरते. म्हणून संगणकावरील तयार साधनाकडे वळण्यापूर्वी एका लिंकचा पूर्ण हिशेब स्वतःच्या हाताने करावा, असा माझा आग्रह आहे.

समजा, अंतर १० किलोमीटर आणि वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ आहे. एवढ्या अंतरात मोकळ्या हवेतच सिग्नल सुमारे १२८ डेसिबलने (सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे एकक) क्षीण होतो. रेडिओची, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणाची, शक्ती १३ डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) आणि दोन्ही टोकांच्या अँटेनांचा गेन, म्हणजे एका दिशेला सिग्नल एकवटून मिळणारी वाढ, प्रत्येकी २३ डेसिबल धरला, तर पलीकडे साधारण उणे ६९ डीबीएम इतका सिग्नल पोहोचायला हवा. हव्या त्या वेगासाठी पलीकडच्या रेडिओला उणे ८५ डीबीएम पुरत असतील, तर हाती १६ डेसिबल राखीव उरतात, आणि एवढी राखीव असणे आवश्यकच मानावे. भारतात ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून परवानामुक्त असला, तरी उत्सर्जनशक्तीवर मर्यादा आहे. ती पाहूनच आकडे धरावेत.

यानंतर मार्ग तपासावा. समोरचा टॉवर डोळ्यांना दिसला म्हणजे मार्ग मोकळा झाला, असे नव्हे. लहरी एका लांबट पट्ट्यातून जातात, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. वरील उदाहरणात मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ७ मीटर, जागा मोकळी हवी आणि पृथ्वीच्या वक्रतेपोटी मध्यावर आणखी दीड मीटर धरावा लागतो. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या झाडांमधून पाहणी केली असेल, तर पावसाळ्यातील ओल्या पालवीचा विचार आधीच करून ठेवावा, कारण या वारंवारतेला पावसाच्या सरींपेक्षा ओली पाने कितीतरी अधिक अडवतात.

दोन्ही रेडिओ प्रथम शक्ती कमी करून टेबलावरच जोडावेत आणि पत्ते, संकेतशब्द व चॅनेल तिथेच ठरवावेत. रेडिओच्या सेटिंगमध्ये अंतराची नोंद करायला विसरू नये: साध्या वाय-फायमध्ये पाठवणारा रेडिओ पोचपावतीची फार थोडा वेळ वाट पाहतो, आणि १० किलोमीटर जाऊन परत येण्यातच ६७ मायक्रोसेकंद जातात. ही मुदत वाढवली नाही, तर सिग्नल उत्तम असूनही माहितीचा तोच तो तुकडा, म्हणजे पॅकेट, पुन्हा पाठवला जात राहतो.

टॉवरवर सुरक्षापट्ट्याशिवाय किंवा ढग गडगडत असताना मुळीच चढू नये. अँटेना जुळवताना एका वेळी एकच टोक हलवावे. आधी आडव्या दिशेने सावकाश फिरवून सर्वोच्च आकडा शोधावा, मग उभा कोन घ्यावा. दोन्हीकडचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची उभी किंवा आडवी दिशा, एकच असावे. हातातला हिशेब इथे खरा उपयोगी पडतो: अपेक्षा उणे ६९ ची असताना आकडा उणे ८८ च्या आसपासच अडकला, तर बहुधा अँटेनाच्या मुख्य झोताऐवजी बाजूचा झोत पकडला गेला आहे. हिशेब न केलेला शिकाऊ त्याच आकड्यावर समाधान मानून नट आवळतो.

वीजपुरवठ्याला मात्र बहुतेक वर्गांत फारच कमी वेळ मिळतो, याची मला खंत वाटते. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने दूर पल्ल्याच्या वाय-फायने गावांतील दृष्टी केंद्रे जोडली आणि रुग्ण दूरदृश्य माध्यमातून डॉक्टरांशी बोलू लागले. त्या जाळ्याच्या अनुभवातही विजेचे झटके आणि चढउतार हेच उपकरणे बिघडण्याचे मोठे कारण ठरले. म्हणून बॅटरी, व्होल्टेज स्थिर ठेवणारे साधन, चांगले अर्थिंग आणि आकाशातील विजेपासून उपकरणे वाचवणारा वीजरोधक यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. लिंक सुरू झाल्यावर दोन्ही टोकांचे सिग्नलचे आकडे, अँटेनाची दिशा आणि तारीख वहीत लिहावी व एक प्रत टॉवरखालच्या पेटीत ठेवावी, म्हणजे पुढे वेग घटल्यास अँटेना हलली, झाड वाढले की वीज बिघडली, हे शोधायला पहिला आधार मिळतो.