स्पिंडल न मोजता बेअरिंग बसवू नका: रस्त्यावरच्या हबकामातल्या या चुका टाळा

पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकीपासून कागलपर्यंत कुठेही बघा, हब, म्हणजे चाकाचा मधला फिरणारा भाग, जाम होऊन कडेला लागलेला एखादा तरी ट्रेलर दिसतोच. ड्रायव्हर फोनवर सांगतो, "मिस्त्री, बेअरिंग गेलंय, येताना नवीन घेऊन या." बेअरिंग गेलेलं असतंच. पण ते का गेलं, हे बघायला कुणी थांबत नाही. नवीन जोडी ठोकायची, ग्रीस भरायचं, नट आवळायचा, पैसे घ्यायचे आणि गाडी सोडायची. मग तीच गाडी, तोच हब, पुढच्या जिल्ह्यात पुन्हा रस्त्याच्या कडेला.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो स्पिंडल, म्हणजे एक्सलचं ज्यावर बेअरिंग बसतं ते टोक, न मोजता बेअरिंग बसवण्यावर, आणि त्याहून जास्त पंच मारण्यावर.

बेअरिंगचा बाहेरचा कप, म्हणजे बाहेरची कडी, हबमध्ये घट्ट दाबून बसवलेला असतो. आतला कोन, म्हणजे रोलरसकटची आतली कडी, मात्र स्पिंडलवर हाताने सरकेल इतका मोकळा असतो, कारण स्पिंडल फिरत नाही. बेअरिंग तापून धरलं की रोलर अडकतात आणि कोनच स्पिंडलवर फिरायला लागतो. तिथे झीज सुरू होते. गाडीचं वजन वरून खाली येतं, त्यामुळे झीज स्पिंडलच्या खालच्या बाजूला जास्त होते. वरून बघणाऱ्याला स्पिंडल गुळगुळीत, चकचकीत दिसतो. खालून बोट फिरवलं तर नखाला पायरी लागते.

या झिजलेल्या जागेवर बरेच कारागीर सेंटर पंचने टिपके मारतात. टिपक्याच्या कडा वर उचलल्या जातात, त्यावर कोन घट्ट बसल्यासारखा वाटतो. काही जण पत्र्याची पट्टी गुंडाळतात. एकदा साताऱ्याच्या अलीकडे स्टीलच्या कॉइल भरलेला तीन एक्सलचा ट्रेलर उभा होता. मधल्या एक्सलचा डावा हब निळा पडला होता. ड्रायव्हर म्हणाला, "परवाच बेअरिंग बदललं, दोन्ही नवीन टाकली." हब उतरवला तर ग्रीस राखाडी झालेलं, बोटांवर घेऊन उन्हात धरलं की लोखंडाचा कीस चमकत होता. आतल्या कोनाखाली पंचच्या टिपक्यांची रांग, वर चेपून सपाट झालेली, आणि त्यावर कोल्ड्रिंकच्या डब्यातून कापलेली पट्टी. पट्टीचे तुकडे रोलरमध्ये गेले होते. मायक्रोमीटर लावला. बसायची जागा नव्वद मिलिमीटरची. आडवं माप अर्धा मिलिमीटर कमी, उभं माप जवळजवळ एक मिलिमीटर कमी.

हिशोब करून बघा. तीन एक्सलच्या ट्रेलरला कायद्याने २७ टन चालतात. म्हणजे ढोबळमानाने एका स्पिंडलच्या वाट्याला साडेचार टन. हे वजन पंचच्या टोकांवर टेकवलं तर ती टोकं किती किलोमीटर टिकणार? ती चेपतात, कोन पुन्हा सैल होतो, आणि चुरा ग्रीसमध्ये मिसळून नवीन बेअरिंग खायला सुरुवात करतो. त्या ड्रायव्हरने दोन बेअरिंगचे आणि एका हबचे पैसे वाया घालवले, शिवाय क्रेन आणून कॉइल दुसऱ्या गाडीवर हलवाव्या लागल्या. स्पिंडल वेल्डिंगने भरून, पोर्टेबल टर्निंग मशीन त्याच्यावरच बसवून मापात आणायला पूर्ण दिवस गेला. मालक फोनवर सारखा विचारत होता की दुसरा कुणी दोन तासांत करून देतोय, तुम्हाला इतका वेळ का लागतो. दोन तासांत केलेलं कामच आम्ही त्या दिवशी उपसत होतो.

म्हणून हब उतरला की माझं पहिलं काम चिंधी आणि डिझेल. स्पिंडल स्वच्छ पुसायचा आणि उभं, आडवं अशी दोन मापं घ्यायची. मूळ माप काय असावं हे बेअरिंगच्या नंबरावरून कळतं. ३३११८, ३३२१३ अशा मेट्रिक नंबरात शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा: १८ म्हणजे ९०, १३ म्हणजे ६५ मिलिमीटर. इंची बेअरिंगला हा हिशोब लागू होत नाही, तिथे तक्ताच बघा. माप झाल्यावर खांद्याच्या मुळाशी, जिथे स्पिंडलची जाडी बदलते तिथे, डाय पेनिट्रंट, म्हणजे तडा दाखवणारा रंग, मारा. लाल फवारा, पुसणी, मग पांढरा फवारा. पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटली तर तडा आहे. त्या स्पिंडलवर पुढे काही करायचं नाही, तो बदलायचा. ट्रकच्या पुढच्या चाकाचा स्टब एक्सल, म्हणजे तिथला स्पिंडल, तर झिजला तरी वेल्ड करू नका. स्टिअरिंगचा भार त्याच्यावर असतो, नवीनच टाका.

भरण्याचं वेल्डिंग करायचं असेल तर घाई करणाऱ्याने हात लावू नये. स्पिंडलचं पोलाद मध्यम कार्बनचं किंवा मिश्रधातूचं असतं. थंड स्पिंडलवर रॉड ओढला की कडेची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि तिथूनच महिन्या-दोन महिन्यांनी चाकासकट टोक तुटून पडतं. मी आधी साधारण २०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखं तापवतो, टेम्परेचर चॉकने (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) खात्री करतो, ७०१८ चे कोरडे रॉड वापरतो आणि काम झाल्यावर स्पिंडल चुन्याच्या भुकटीत किंवा राखेत गुंडाळून ठेवतो. "लवकर थंड होऊ दे" म्हणून पाण्याचा मग ओतणारे मी बघितले आहेत. तो स्पिंडल त्याच क्षणी भंगारात गेला असं समजा. वेल्डिंगची अर्थिंगची वायर नेहमी त्याच स्पिंडलवर, कामाच्या जवळ लावा. चेसिसला लावली तर करंट मधल्या एखाद्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो आणि रोलरवर ठिणगीचे डाग पडतात. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर त्याचं कनेक्शन आधी काढा.

दुसरी आवडती चूक म्हणजे नट. नवशिक्या पोराला वाटतं की घट्ट म्हणजे मजबूत. मोठा पाना, त्यावर पाइप, पाइपवर अंगाचं वजन. टेपर रोलर बेअरिंगला असं दाबलं की रोलरच्या टोकांवरची ग्रीसची पातळ फिल्म फाटते. रिकाम्या गाडीत पन्नास किलोमीटर काही कळत नाही, भरलेली गाडी घाट चढली की हब तापतो. उलट टोक म्हणजे सैल नट. चाक हलतं, सील फाटतं, ग्रीस ब्रेक लायनरवर जातं. दोन सुट्या बेअरिंगच्या हबला बरोबर जागा म्हणजे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर आतबाहेर हालचाल. हे अंगठ्याला कळत नाही. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांच्या गाड्याच मला रस्त्यावर भेटतात. अशी बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल गेजची किंमत एका चांगल्या बेअरिंगएवढीही नसते, ते घ्या.

माझी सवय अशी: हब हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. हब जड झाला की नट पूर्ण सैल करायचा. पुन्हा फिरवतच हलका आवळायचा आणि स्प्लिट पिनचं किंवा लॉक वॉशरचं भोक जुळेपर्यंत थोडा मागे घ्यायचा. मग चुंबकाने डायल लावून हब दोन्ही हातांनी सरळ आतबाहेर ओढायचा. मी ०.०५ ते ०.१० च्या मधे ठेवतो. भोक जुळत नाही म्हणून नट पुढे ढकलायचा नाही, मागेच घ्यायचा. कंपनीने सीलबंद युनिट बेअरिंग दिलं असेल तर ही पद्धत विसरा आणि कंपनीचा टॉर्क लावा. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

कोन स्पिंडलला चिकटला की गॅस कटर काढणं ही तिसरी चूक. कटरची ज्योत कोनापाशी थांबत नाही, खाली स्पिंडलमध्ये चर पाडते. ग्राइंडरने कोनाच्या जाडीचा तीन चतुर्थांश भाग कापा, मग खाचेत छिन्नी ठेवून एकच जोरकस घाव घाला. कोनाचं पोलाद कडक असल्यामुळे टणकन आवाज होऊन तो चिरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडा गोळीसारखा उडतो.

चाक बसवलेलं असताना हबला किंवा रिमला ज्योत लावू नका. टायरच्या आतलं रबर तापून वायू सोडतं आणि टायर स्फोटासारखा फुटतो. यात माणसं मेली आहेत. नुसती हवा सोडून भागत नाही, चाक उतरवाच.

बाकीच्या थोडक्यात. जुन्या कपात नवीन कोन घालायचा नाही, दोन्ही एकत्रच बदलतात. चेसिसचं कॅल्शियम ग्रीस हबात भरू नका, ते शंभर अंशांच्या आसपासच पातळ होऊन वाहतं. लिथियम कॉम्प्लेक्स घ्या आणि जुनं सगळं धुऊन मगच भरा. ग्रीस रोलरच्या मधे तळहाताने दाबून गेलं पाहिजे, हब गच्च भरून उपयोग नाही. सील वाकडं ठोकलं तर ते गेलंच समजा. जॅक मुरुमावर उभा करताय तर खाली जाड फळी आणि एक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू) हवी, नाहीतर गाडीखाली शिरू नका. हँडब्रेकच्या बूस्टरमधली स्प्रिंग दाबलेली असते, रिलीज बोल्ट लावल्याशिवाय त्याचा क्लॅम्प उघडू नका.

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या बाबतीत एकच सांगतो: चिखलातून आलेल्या ट्रॉलीचा हब रस्त्यावर उघडू नका. आधी धुऊन घ्या, आडोसा धरा. चिखलाचा एक खडा नवीन बेअरिंगमध्ये गेला की कारखान्यापर्यंतही ते पोचत नाही.

गाडी सोडल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर ड्रायव्हरला थांबायला सांगा आणि दोन्ही बाजूंच्या हब कॅपवर थर्मल गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) धरायला लावा. ड्रम तापला आणि कॅप थंड असेल तर ब्रेक धरतोय. कॅप समोरच्या बाजूच्या कॅपपेक्षा खूप गरम असेल तर दोष बेअरिंगचा; नट उघडून पुन्हा डायल लावा. चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरवर परत आवळायचे, आणि हे ड्रायव्हरला तोंडी सांगून भागत नाही, मी बिलावरच लिहून देतो.