घरात दुडदुडणारं पोर आणि नाताळची सजावट: या चुका टाळा

डिसेंबर अर्ध्यावर आला की पुण्यात वानवडीच्या आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी माझं दार वाजवतंच. "काकू, झाड पडलं." "काकू, पोरानं चमकी खाल्ली." नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडण्यात माझी हयात गेली म्हणून मला विचारतात. चुका मात्र दरवर्षी त्याच, म्हणून यंदा लिहूनच काढते.

झाड न बांधणं, ही पहिली. कॅम्पातून आणलेलं ५ फुटी प्लास्टिकचं झाड तीन पायांच्या हलक्या स्टँडवर उभं असतं. नुकतं चालायला लागलेलं मूल आधारासाठी जे दिसेल ते धरतं, आणि झाडाची खालची फांदी त्याच्या हाताशीच असते. "आमचा शहाणा आहे, हात लावत नाही," असं सांगणारे आईबाप मला भेटतात. दीड वर्षाचं पोर हात लावत नसेल तर आधी त्याचा ताप बघा.

मी स्टँड रंगाच्या रिकाम्या बादलीत ठेवते, भोवती विटांचे तुकडे ठासते आणि वरून जुना खण गुंडाळते. मग शेंड्याच्या जरा खाली सुतळी बांधून तिची दोन टोकं खिडकीच्या ग्रिलला दोन बाजूंना घट्ट ओढते. लोंबतं टोक ठेवायचं नाही, गळ्यात अडकतं. सुतळी दिसते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

आणि २४ तारखेच्या संध्याकाळी सगळं एकदम उरकू नका. माझं झाड आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या आठवड्यात नुसतं, बोडकं उभं असतं. पोर तीन दिवस ते हलवतं, चाटतं, त्याच्याशी भांडतं आणि मग कंटाळतं. त्यानंतर सजवायचं. एवढा धीर नसेल तर यंदा दारात चांदणी टांगा नि गप्प बसा.

सगळी सजावट वरच्या अर्ध्यात चढवून झाडाचं खालून मुंडण करणारेही आहेत. त्यानं पोर खुर्ची ओढायला शिकतं. खालच्या फांद्या त्याच्याच म्हणून सोडा: कापडी चांदण्या, लोकरीचे मोठे गोळे, तेही तारेच्या आकड्यांऐवजी लोकरीनं बांधलेले. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते खाली लावायचं नाही.

आता बॅटरी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी गोठ्यासाठी मी तापकीर गल्लीतून डझनभर बॅटरीवरच्या मेणबत्त्या आणल्या. स्वस्त होत्या. खालचं झाकण नखानं उघडत होतं, ते मी पाहिलं होतं, तरी आणल्या. भाचीचा मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा. आम्ही दोघी करंज्या भरत होतो आणि बाहेरची खोली एकाएकी शांत झाली. बघते तर स्वारी एक मेणबत्ती पोट उघडून मांडीवर घेऊन बसलेली, आत बॅटरी नाही. भाची म्हणाली, "मावशी, उद्या शीतून पडेल गं." मलाही ते पटलं, याची अजून लाज वाटते. शेजारच्या डॉक्टरीणबाई फोनवर खेकसल्या तेव्हा कुठे आम्ही रिक्षात बसलो. एक्स-रेत काही नव्हतं. बॅटरी रात्री सापडली: गोठ्यातल्या पेंढ्यात, बैलाच्या पोटाखाली.

बाई खेकसल्या ते बरोबरच होतं. ३ व्होल्टची, २० मिलिमीटरची ती नाण्यासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ओल्या त्वचेतून वीज वाहते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं अल्क तयार होतं आणि २ तासांत आतून गंभीर भाजू शकतं. दिवा लागत नाही इतकी उतरलेली बॅटरीही भाजते. मूल लाळ गाळतं, जेवण नाकारतं, किंवा काहीच दाखवत नाही. म्हणून नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा किंवा थेट एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. ओकारी काढायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. अपवाद मधाचा: मूल १ वर्षावरचं असेल आणि नीट गिळत असेल तर जाताना वाटेत दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे. मध शोधत घरी थांबायचं नाही.

हल्ली मी झाकणाला स्क्रू असेल तरच घेते, वर चिकटपट्टी मारते आणि रात्री नग मोजते. भाची हसते.

बाकीचं थोडक्यात. काचेचे गोळे माळ्यावर ठेवा, पोर शाळेत जाईपर्यंत. बर्फ म्हणून थर्माकोलचे दाणे पसरू नका. घशात गेले तर एक्स-रेत दिसतही नाहीत. पॉइन्सेटियाला, म्हणजे नाताळातल्या लाल पानांच्या रोपाला, लोक उगाच जहाल विष म्हणतात, पण चिकानं कातडी चुरचुरते, पोट बिघडतं. कुंडी उंचावर असू द्या. लोंबता टेबलक्लॉथ म्हणजे केक जमिनीवर. खरी मेणबत्ती पडद्याजवळ लावणाऱ्याला मी काय सांगणार?

६ जानेवारीनंतर आवरताना सोफा ओढून खाली बघा. गेल्या वर्षी तिथे एक मेंढरू, दोन शंकरपाळे आणि माझा चष्मा निघाला.