वर्डप्रेसवर मराठी संकेतस्थळ उभारताना: आधी काय, नंतर काय

संकेतस्थळ उभारायला घेतलेली बहुतेक मंडळी थीम निवडण्यापासून सुरुवात करतात आणि त्यातच आठवडा घालवतात. खरे पाहता वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थीम, म्हणजे संकेतस्थळाचे बाह्य रूप, याइतकी सहज बदलता येणारी दुसरी गोष्ट क्वचितच असेल. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) कोणाच्या नावावर आहे, पानांचे पत्ते कोणत्या पद्धतीचे आहेत आणि मजकूर कोणत्या रूपात साठवला आहे, या गोष्टी मात्र वर्षभराने बदलायला घेतल्या तर घाम फुटतो. म्हणून जे नंतर बदलणे जड जाते ते आधी, असा क्रम येथे ठेवला आहे. उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातील एखादे सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणावे, ज्याला आपल्या वेळा, वर्गणी, नव्या पुस्तकांची यादी आणि व्याख्यानांच्या सूचना लोकांपर्यंत पोहोचवायच्या आहेत.

मिशेल वाल्द्रिगी यांच्या बीटू/कॅफेलॉग या ब्लॉग लिहिण्याच्या प्रणालीचे काम थंडावल्यावर मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तिच्याच संहितेवरून (कोडवरून) वर्डप्रेस उभे केले आणि २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जीपीएल या मुक्त परवान्यामुळे ते कोणालाही विनामूल्य वापरता, बदलता आणि पुढे वाटता येते. ते पीएचपी भाषेत लिहिलेले असून मजकूर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ठेवते. चित्रे, थीम आणि प्लगइन (जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) मात्र फाइलींच्या रूपात ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरमध्ये राहतात. संकेतस्थळ असे दोन ठिकाणी विभागलेले असते ही गोष्ट बॅकअपच्या वेळी फार उपयोगी पडते, त्यामुळे ती आताच लक्षात ठेवावी.

आणखी एक गल्लत सुरुवातीलाच दूर करायला हवी. वर्डप्रेस.ऑर्गवरून मिळते ते सॉफ्टवेअर, जे आपण हव्या त्या सर्व्हरवर बसवू शकतो; तर वर्डप्रेस.कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची तयार सेवा आहे, जेथे खाते उघडले की लगेच लिहिता येते, पण कोणत्या सोयी मिळतील हे घेतलेल्या योजनेवर ठरते. पुढील सर्व मजकूर पहिल्या प्रकाराविषयी आहे.

मालकी

सॉफ्टवेअर फुकट असले तरी डोमेन आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरील जागा) यांचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. आपल्याकडील छोट्या संस्थांची गाडी सर्वाधिक अडते ती येथे: डोमेन संगणक जाणणाऱ्या कोणा उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवले जाते, तो पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातो आणि नूतनीकरणाची सूचना कोणी न वाचलेल्या पेटीत पडून राहते. त्यामुळे आधी संस्थेच्या नावाने स्वतंत्र ईमेल उघडावा, डोमेन व होस्टिंग दोन्ही त्यावर नोंदवावे, आणि पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेनही घेता येते, परंतु ईमेल पत्ते आणि जुनी सॉफ्टवेअरे त्याला सर्वत्र साथ देत नाहीत. ते हवे असल्यास ‘.इन’ किंवा ‘.ऑर्ग’च्या जोडीला घ्यावे, एकट्याने नव्हे.

होस्टिंग निवडताना पीएचपीची चालू पाठिंब्यातील आवृत्ती, एचटीटीपीएससाठी (सुरक्षित जोडणीसाठी) विनामूल्य प्रमाणपत्र आणि रोजचा बॅकअप या तीन गोष्टी विचाराव्यात. ‘अमर्याद जागा’ वगैरे घोषणांकडे दुर्लक्ष केले तरी चालते, कारण वाचनालयाच्या संकेतस्थळाला फार जागा लागतच नाही.

आधी स्वतःच्या संगणकावर

थेट सर्व्हरवर प्रयोग करण्यापेक्षा काही दिवस घरच्या संगणकावर सराव करणे श्रेयस्कर. एक्सएएमपीपी, म्हणजे बोलण्यातले झॅम्प, हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवले की अपाचे सर्व्हर, मारियाडीबी आणि पीएचपी एकदमच मिळतात. त्याच्या नियंत्रण फलकावरून अपाचे आणि मायएसक्यूएल सुरू करावेत, ब्राउझरमध्ये पीएचपीमायॲडमिन उघडून नवा डेटाबेस तयार करावा आणि त्याचे कोलेशन (अक्षरे साठवण्याची व क्रमाने लावण्याची पद्धत) ‘यूटीएफ८एमबी४’ने सुरू होणारे निवडावे. मग वर्डप्रेसची झिप फाइल उतरवून ती ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये उलगडावी आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ या शब्दानंतर तिरकी रेघ देऊन त्या फोल्डरचे नाव टाकावे. पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली जाते. तेथे मराठी निवडता येते. पुढे डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड द्यावा लागतो. झॅम्पमध्ये वापरकर्ता ‘रूट’ असतो आणि पासवर्ड रिकामा असतो. खऱ्या सर्व्हरवर असे कदापि ठेवू नये. ही माहिती वर्डप्रेस ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी’ या फाइलीत लिहून ठेवते आणि काही मिनिटांत प्रतिष्ठापना पूर्ण होते. नुसतीच ओळख करून घ्यायची असेल, तर ब्राउझरमध्येच चालणारे वर्डप्रेस प्लेग्राउंडही आहे, मात्र तेथील काम कायम टिकेल असे धरून चालू नये.

प्रतिष्ठापनेच्या पडद्यावर प्रशासकाचे वापरकर्तानाव ‘ॲडमिन’ ठेवू नये, कारण पासवर्ड ओळखू पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम (बॉट) सर्वांत आधी तेच नाव वापरून पाहतात. सर्च इंजिनांना दूर ठेवण्याचा जो पर्याय त्याच पडद्यावर दिसतो, तो तयारी चालू असेपर्यंत निवडलेला बरा.

आत शिरल्यावर सेटिंग्जमधील ‘जनरल’ या पानावर वेळेचा विभाग कोलकाता करावा, नाहीतर सकाळी सातला लागणारी सूचना साडेबाराला लागेल. भाषेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. संकेतस्थळाची भाषा मराठीच असावी, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या तारखा, बटणे आणि पानाच्या संहितेतील भाषेची नोंद मराठीत येते. परंतु संपादकाने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी ठेवावी. ही सोय आवृत्ती ४.७ पासून उपलब्ध आहे. अडचण आल्यावर जी मदत सापडते, ती जवळजवळ सगळी इंग्रजी नावांच्या मेनूंवर आधारलेली असते, आणि मराठी मेनूत तीच जागा शोधण्यात नवशिक्याचा वेळ जातो.

पानांचे पत्ते

सेटिंग्जमधील ‘परमालिंक्स’ (कायमचे पत्ते) या पानावर ‘पोस्ट नेम’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पत्त्यात तारखा न येता फक्त शीर्षक येते. मराठी लेखकासाठी खरी मेख यापुढे आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवते आणि डेटाबेसमध्ये त्यासाठी २०० वर्णांची मर्यादा आहे. रोमन लिपीतील एक अक्षर एकच वर्ण घेते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ३ बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ वर्णांत लिहिला जातो, त्यामुळे एका चिन्हाला ९ वर्ण लागतात. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. साहजिकच जेमतेम २२ चिन्हांत मर्यादा संपते. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ या साध्या शीर्षकाच्या पत्त्यात ‘वार्षिक-सर्वसाधारण-सभेची’ एवढेच मावते आणि ‘सूचना’ गळून पडते. शिवाय असा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसते, जिच्यावर बोट ठेवायला लोक धजत नाहीत.

म्हणून लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी संपादकाच्या उजव्या पट्टीतील ‘स्लग’ (पत्त्याचा शेवटचा भाग) या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा आटोपशीर पत्ता हाताने लिहावा. वर्गवाऱ्यांच्या पत्त्यांनाही हाच नियम लागू होतो. प्रसिद्ध झालेल्या पोस्टचा पत्ता पुढे बदलला, तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून आलेल्या वाचकाला नव्या ठिकाणी नेते. पानांसाठी मात्र जुन्या पत्त्याची अशी नोंद ठेवली जात नाही. तेव्हा पानांचे पत्ते एकदाच, विचारपूर्वक ठरवावेत.

मजकूर

वर्डप्रेसमध्ये ‘पोस्ट’ आणि ‘पान’ असे दोन मुख्य प्रकार आहेत. वाचनालयाची वेळ, सभासदत्वाचे नियम, इतिहास, संपर्क हा स्थिर मजकूर पानांत जावा. व्याख्यानाची सूचना किंवा नव्या पुस्तकांची यादी, जिचे महत्त्व तारखेशी बांधलेले आहे, ती पोस्टमध्ये जावी. पोस्टना वर्गवारी देता येते. सुरुवातीला तीन-चार वर्गवाऱ्या पुरेत. एकेका पोस्टसाठी वेगळी वर्गवारी करून ठेवणारे अनेक जण पाहिले आहेत, आणि मग वाचकाला मेनूत वाट सापडत नाही. पहिल्या पानावर नव्या पोस्टची रांग हवी की स्थिर मजकूर, हे सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ येथे ठरते. सोबत आलेली नमुन्याची पोस्ट आणि पान काढून टाकायला विसरू नये.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या आवृत्ती ५.० पासून लेखन ब्लॉक संपादकात होते, ज्यात प्रत्येक परिच्छेद, चित्र किंवा शीर्षक हा स्वतंत्र ब्लॉक असतो. शीर्षक मोठे दिसावे म्हणून अक्षरे जाड करण्याऐवजी शीर्षकाचाच ब्लॉक वापरावा, कारण पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे आणि सर्च इंजिने त्यावरूनच लेखाची रचना समजून घेतात.

मराठी संस्थांकडील जुना मजकूर अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला असतो. तो जसाच्या तसा चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. त्यामुळे तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालूनच घ्यावा. यावर पळवाट म्हणून सूचनेचे स्कॅन केलेले चित्र टाकण्याची पद्धत फार रूढ आहे, ती मात्र टाळावी. चित्रातील मजकूर शोधात सापडत नाही, मोबाइलवर धड वाचता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकापर्यंत पोहोचतच नाही. सही-शिक्क्याची प्रत लागतच असेल तर ती खाली जोडावी आणि वर मजकूर टंकलेला असावा.

फॉन्टसाठी मुक्त परवान्यावर उपलब्ध असलेले ‘मुक्त’, ‘बालू’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट चांगले आहेत. एप्रिल २०२४ मधील आवृत्ती ६.५ पासून ब्लॉक थीममध्ये फॉन्ट थेट संपादकातून बसवता येतात आणि ते आपल्याच सर्व्हरवर साठवले जातात. ओळींमधील अंतर मात्र इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडले की वाचन कष्टाचे होते.

थीम, प्लगइन आणि देखभाल

थीमविषयी इतकेच सांगता येईल की वर्डप्रेससोबत आलेली मूळ थीम बहुतेकांना पुरते. अधिकृत संग्रहात ५० हजारांहून अधिक प्लगइन असल्यामुळे मोह आवरणे कठीण जाते. प्रत्येक प्लगइन ही दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली आणि आपल्या सर्व्हरवर चालणारी संहिता असते, हे ध्यानात ठेवून ते शेवटचे कधी अद्ययावत झाले आणि किती ठिकाणी वापरात आहे हे पाहूनच घ्यावे. सशुल्क थीम ‘फुकट’ देणाऱ्या ठिकाणांकडे फिरकूही नये. त्या फाइलींत अनेकदा घुसखोरीची वाट मुद्दाम ठेवलेली असते.

काम वाटून देताना सर्वांना प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत. ‘कॉन्ट्रिब्यूटर’ लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही, ‘ऑथर’ स्वतःचे लेखन प्रसिद्ध करतो, ‘एडिटर’ सर्वांचे लेखन हाताळतो. थीम आणि प्लगइन बदलण्याचा अधिकार प्रशासकाकडे राहतो. वाचनालयाच्या लिपिकाला ‘एडिटर’ ही भूमिका पुष्कळ झाली.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डर दोन्ही हवेत. अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन ते ठरावीक वेळी घेऊन दुसऱ्या जागी पाठवते. तोच बॅकअप झॅम्पवरील प्रतीत एकदा उतरवून पाहावा, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही. सुरक्षेच्या छोट्या सुधारणा आवृत्ती ३.७ पासून आपोआप बसतात; मोठ्या आवृत्तीआधी मात्र बॅकअप घेऊनच पुढे जावे.

घरच्या संगणकावरील संकेतस्थळ सर्व्हरवर नेताना डेटाबेसच्या फाइलीत ‘लोकलहोस्ट’ शोधून नवा पत्ता हाताने भरण्याचा मार्ग अवलंबू नये. काही नोंदींमध्ये मजकुरासोबत त्याची लांबीही साठवलेली असते, आणि पत्ता बदलला पण आकडा तोच राहिला की ती नोंद वाचता येत नाही. डुप्लिकेटरसारखे स्थलांतराचे प्लगइन किंवा डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला टंकून आज्ञा देण्याचे साधन) मधील शोध-बदलाची आज्ञा हा हिशेब स्वतः सांभाळते. स्थलांतरानंतर परमालिंकचे पान उघडून एकदा जतन करावे, एचटीटीपीएस चालते ना हे पाहावे, आणि सुरुवातीला सर्च इंजिनांना दूर ठेवण्यासाठी निवडलेला पर्याय ‘रीडिंग’ या पानावर जाऊन काढून टाकावा. त्यानंतर वर्डप्रेस स्वतःच तयार करत असलेला ‘डब्ल्यूपी-साइटमॅप.एक्सएमएल’ हा नकाशा गूगलच्या सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या सेवेत नोंदवता येतो.