चीनमधील मूळ गाव शोधताना : कोल्हापुरातील चिनी वंशाच्या कुटुंबांसाठी

ज्यांचे आजोबा किंवा पणजोबा चीनमधून भारतात आले आणि ज्यांचे बिऱ्हाड आता कोल्हापुरात स्थिरावले आहे, त्यांनी मूळ गावी जाण्याचे तिकीट काढण्यापूर्वी आडनाव, पूर्वजाचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव या तीन गोष्टी चिनी लिपीत मिळवाव्यात. रोमन स्पेलिंगवर विसंबू नये. एकाच चिन्हाने लिहिले जाणारे आडनाव प्रमाण चिनीत चेन, कँटनी बोलीत चान आणि दक्षिण चीनमधील हक्का समाजाच्या बोलीत चिन होते, आणि कारकुनाने कानावर पडेल ते लिहिलेले असते.

ही नावे मिळण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे थडगे. मृताच्या नावाबरोबर त्याचा मूळ जिल्हा आणि पुष्कळदा गावही दगडावर कोरण्याची चिनी रीत आहे. म्हणून पूर्वजांचे दफन मुंबईत किंवा कोलकात्यात झाले असेल, तर आधी तिथे जावे आणि अक्षरे उठून दिसावीत यासाठी सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत. दगडावरचे नाव आजच्या नकाशात सापडेलच असे नाही. ताइशानला 1914 पर्यंत शिननिंग म्हणत, तर हक्कांचे मेइशियान पूर्वी जियायिंग या नावाने ओळखले जाई.

घरात जुनी पत्रे, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या आणि परकीय नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र शोधावे. ज्येष्ठांना विचारताना मात्र सबुरी हवी. 1962 च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले, आणि त्या काळाविषयी कित्येक घरांत आजही बोलले जात नाही. त्यापेक्षा आजी घरात कोणती बोली बोलत असे आणि आजोबांचा धंदा काय होता, हे विचारावे, कारण त्यावरून प्रदेशाचा अंदाज येतो : कोलकात्यात कातडी कमावणारे बहुतेक हक्का होते, तर दंतवैद्यांची अनेक घराणी हुबेई प्रांतातून आलेली होती. मुंबईत माझगावला 1919 मध्ये उभारलेले सी यिप कून मंदिर ज्या चार जिल्ह्यांच्या नावाने आहे, ते सारे ग्वांगडोंग प्रांतात आहेत.

गाव कळल्यावर वंशावळीकडे वळावे. आपल्याकडे हेळव्यांच्या वहीत जशी घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद सापडते, तसा तिकडे कुळाचा ‘जुपू’ असतो. अनेक कुळांत एका पिढीतील भावंडांच्या नावात एक अक्षर समान ठेवतात आणि त्या अक्षरांचा क्रम आधीच ठरलेला असतो, त्यामुळे आजोबांच्या नावातील ते अक्षर ओळखता आले की त्यांची पिढी नेमकी सापडते. सांस्कृतिक क्रांतीत असंख्य जुपू जाळले गेले; तरीही शांघाय ग्रंथालयात त्यांचा मोठा संग्रह आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर अनेकांच्या प्रती विनामूल्य पाहता येतात. जुन्या जुपूंत मुलींची नोंद क्वचितच असे आणि सुनांचे बहुधा केवळ माहेरचे आडनाव असे, ही त्यांतली मोठी उणीव आहे. आईकडचे गाव शोधणाऱ्यांनी म्हणून थडग्यांवरच अधिक भर द्यावा.

प्रवासासाठी एप्रिलच्या 4 किंवा 5 तारखेला येणारा छिंगमिंगचा सण सोयीचा, कारण पूर्वजांची थडगी स्वच्छ करण्यासाठी बाहेरगावचे भाऊबंदही तेव्हा गावी येतात. गाड्यांची आरक्षणे मात्र लवकर करावीत. सोबत स्थानिक बोली जाणणारा दुभाषी असावा, कारण खेड्यातील वृद्धांशी केवळ प्रमाण चिनीत संवाद होईलच असे नाही. थडग्यांची छायाचित्रे कागदावर छापून न्यावीत आणि कोल्हापुरातील सर्व पिढ्यांची नावे, मुलींसह, चिनी लिपीत लिहून घ्यावीत, म्हणजे कुळाने जुपूची नवी आवृत्ती काढली तर ती नावे त्यात घालण्याची विनंती तिथल्या तिथे करता येते.