मेलिंग लिस्टवरचा स्पॅम आवरताना या चुका टाळा

मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सदस्यांना पोचवणारी यादी) एखादी फालतू जाहिरात पोचली की लगेच तक्रारी सुरू होतात. पण एखाद्या नव्या माणसाने पहिल्यांदाच पाठवलेला पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) फिल्टरने गिळला, तर कोणी चकार शब्द काढत नाही. ज्याने तक्रार करायची तो लिस्टवर नसतोच. दोन-तीन आठवडे उत्तराची वाट बघतो आणि दुसरीकडे वळतो. म्हणून लिस्ट सांभाळणाऱ्याला फक्त एकाच बाजूच्या चुका दिसतात आणि त्याची पावले आपोआप कडक नियमांकडे वळतात. माझ्या मते स्पॅमचा एक मेल सुटला तर फारसे बिघडत नाही. खऱ्या माणसाचा एक मेल हरवणे मात्र प्रकल्पाला महाग पडते. फिल्टर लावताना हाच हिशेब समोर ठेवावा.

सदस्य नसलेल्यांचे मेल सरसकट टाकून देणे

सदस्य नसलेल्या पत्त्यावरून मेल आला तर काय करायचे, यासाठी मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चार पर्याय आहेत: स्वीकारा, रोखून ठेवा, नाकारून परत कळवा, गुपचूप टाकून द्या. स्पॅमने वैतागलेले ॲडमिन चौथा पर्याय निवडतात. त्यात पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि मॉडरेटरलाही (रोखलेले मेल तपासणाऱ्यालाही) नाही. बग कळवायला आलेला माणूस आधी सदस्य व्हायला हवा, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते.

तिसरा पर्याय सभ्य वाटतो, पण त्यातला धोका वेगळा आहे. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. तुमचे नकाराचे पत्र ज्याने काही पाठवलेच नाही अशा तिऱ्हाईताकडे जाते. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि असा सर्व्हर पुढे स्वतःच ब्लॉकलिस्टमध्ये (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीत) जाऊ शकतो.

रोखून ठेवणे हाच योग्य मार्ग, पण रांग छोटी असेल तरच तो चालतो. रोज दोनशे कचरा मेल चाळणारा मॉडरेटर चौथ्या दिवशी विषय न वाचताच सगळे खोडतो. त्यामुळे रांगेपर्यंत येण्याआधीच बहुतांश कचरा गळला पाहिजे. आणि एकदा मंजूर केलेला पत्ता त्याच वेळी 'यापुढे स्वीकारा' यादीत टाका, नाहीतर तोच माणूस दर वेळी अडकेल. लिस्ट खुली ठेवूनही काम चालते, हे लिनक्स कर्नलच्या लिस्टांनी वर्षानुवर्षे दाखवले आहे; तिथे सदस्य नसलेल्यांनाही लिहिता येते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आर्काइव्हमध्ये (जुन्या मेलच्या संग्रहात) तर वाचकाला स्पॅम कळवण्याचे बटण आहे आणि काढून टाकण्याआधी माणसे तो मेल तपासतात.

चुकीच्या जागी गाळणी लावणे

मेलमनच्या हेडर नियमांवरच (मेलच्या वरच्या तपशिलांच्या ओळी बघून गाळणाऱ्या नियमांवरच) सगळा भार टाकू नका. मेल तिथे पोचतो तेव्हा तुमच्या सर्व्हरने तो आधीच स्वीकारलेला असतो. खरी तपासणी त्याच्या आधी, पाठवणाऱ्या सर्व्हरशी संवाद चालू असतानाच झाली पाहिजे: पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला मिल्टर (मेल येतानाच तपासणारी जोडणी) म्हणून आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन हे स्पॅम ओळखणारे सॉफ्टवेअर जोडा. तिथे नकार दिला तर पाठवणाऱ्याला त्याचाच सर्व्हर कळवतो, तिऱ्हाईताला त्रास होत नाही आणि खऱ्या माणसाला आपला मेल अडल्याचे समजते. याचा आणखी एक फायदा म्हणजे लिस्टच्या मालकाचा पत्ता. तो लिस्टच्या सदस्यत्वाच्या नियमांत बसत नाही आणि बसूही नये, कारण बाकी सगळे दरवाजे बंद झालेला माणूस तिथेच लिहितो. तो पत्ता मुख्यतः सर्व्हरच्या पातळीवरच राखावा लागतो.

ब्लॉकलिस्टवर डोळे झाकून विश्वास

स्पॅमहाउस या संस्थेची ब्लॉकलिस्ट वापरताना एक चूक वारंवार होते. सर्व्हर डीएनएससाठी (इंटरनेटवरची नावे-पत्ते शोधणारी यंत्रणा; या याद्यांनाही तिच्यातूनच विचारणा होते) एखादी मोठी सार्वजनिक सेवा वापरत असतो. अशा सेवेमार्फत आलेल्या विचारणेला स्पॅमहाउस उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा संकेत देते. 'काहीही उत्तर आले म्हणजे पत्ता यादीत आहे' असा नियम लिहिलेला असेल, तर त्या क्षणापासून सगळ्या जगाचे मेल नाकारले जातात. स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (ही विचारणा करणारा सर्व्हर) चालवा आणि यादीची ठरलेली उत्तरेच ग्राह्य धरा.

याद्या बंदही पडतात. जानेवारी २०२१ च्या अखेरीस स्पॅमकॉप या दुसऱ्या यादीच्या डोमेनची मुदत संपली आणि काही काळ प्रत्येक पत्ता यादीत असल्याचे उत्तर येऊ लागले. सॉर्ब्स ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, पण सर्व्हरच्या जुन्या सेटिंगमध्ये तिचे नाव उरलेले असण्याची शक्यता आहे. यावर साधा उपाय आहे. आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानुसार अशा यादीत १२७.०.०.२ हा चाचणीचा पत्ता असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीही नसावा. रोज एक छोटी स्क्रिप्ट दोन्ही पत्ते विचारून बघेल आणि उत्तर उलटे आले तर तुम्हाला कळवेल, अशी सोय करा. शिवाय एकट्या यादीच्या शब्दावर मेल नाकारू नका; तिला गुण द्या आणि बाकीच्या खुणांमध्ये मिळवा.

गुणांचा उंबरठा खाली ओढणे

स्पॅमअसॅसिन मेलमधल्या संशयास्पद खुणांना गुण देते; बेरीज ५ झाली की मेल स्पॅम, हा त्याचा मूळ उंबरठा आहे. दोन-चार स्पॅम सुटले की तो ३ वर आणायचा मोह होतो. तो आवरा. पॅच, लॉग आणि एररच्या लांबलचक ओळी असलेले मेल साध्या पत्रासारखे दिसत नाहीत, म्हणून तांत्रिक लिस्टवर याचा फटका जास्त बसतो. त्यापेक्षा दोन पायऱ्या ठेवा: ५ ते १० गुण असतील तर मॉडरेटरच्या रांगेत, त्यापुढे थेट नकार. नियमही चुकतात. स्पॅमअसॅसिनमध्ये फार पुढची तारीख पकडणारा एक नियम होता. त्याच्या दृष्टीने २०१० सालही 'फार पुढचे' होते. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगभरच्या चांगल्या मेलना फुकटचे तीनहून अधिक गुण चिकटले. दुरुस्ती आली, पण ज्यांच्याकडे नियम आपोआप अद्ययावत होत नव्हते त्यांना ती उशिरा मिळाली.

बेझ पद्धतीचे शिक्षण (नमुन्यांवरून स्पॅम ओळखायला शिकवणे) द्यायचे तर दोन्ही बाजूंनी द्या. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय स्पॅमअसॅसिनचा हा भाग बोलतच नाही. 'शिकवले, तरी काही फरक नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच कारण निघते: चांगले मेल कोणी शिकवलेलेच नसतात. आणि परक्या लिपीतला मेल म्हणजे स्पॅम, असला नियम कृपा करून लावू नका. प्रकल्प जगभरच्या लोकांचा असतो.

डीमार्क: सर्वांत महागडी चूक

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे (पाठवणाऱ्याच्या पत्त्यातले डोमेन खरे आहे का हे तपासण्याच्या पद्धतीचे) 'नाकारा' धोरण लावले, मागोमाग एओएलनेही, आणि जगभरच्या मेलिंग लिस्टा हादरल्या. आजही अनेक लिस्टांवर तोच घोटाळा होतो, फक्त त्याचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

होते असे. 'नाकारा' धोरण असलेल्या डोमेनवरून एक सदस्य लिस्टवर लिहितो. लिस्ट तो मेल आपल्या सर्व्हरवरून पुढे पाठवते, त्यामुळे एसपीएफ (मेल ठरलेल्या सर्व्हरवरून आला का याची तपासणी) त्या डोमेनशी जुळत नाही. विषयाच्या आधी कंसात लिस्टचे नाव आणि शेवटी तळटीप जोडलेली असते, त्यामुळे डीकेआयएमची (मेल बदललेला नाही हे दाखवणारी) सहीही मोडते. घेणारा सर्व्हर मेल नाकारतो. आता हा बाउन्स (न पोचता परत आलेला मेल) मेलमन कोणाच्या नावावर लिहितो? लिहिणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या. मेलमन २ मध्ये बाउन्सचे गुण ५ झाले की सदस्याची डिलिव्हरी बंद होते आणि दिवसाला जास्तीत जास्त एक गुण चढतो. म्हणजे असा एखादा सदस्य सलग काही दिवस लिहीत राहिला, की भलत्याच शेकडो लोकांचे मेल एकदम बंद पडतात. एकाच मेलसेवेचे खूप सदस्य एकाच दिवशी गळाले, तर त्यांना दोष देण्याआधी बाउन्सची नोंद उघडा आणि कोणाच्या मेलपासून हे सुरू झाले ते बघा.

उपाय दोन आहेत. पहिला, पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता लिहिणे. हे सगळ्यांसाठी न करता ज्यांच्या डोमेनचे धोरण कडक आहे त्यांच्यापुरतेच करा, मेलमन २.१.१८ पासून तशी सोय आहे आणि मेलमन ३ मध्येही आहे. दुसरा, मेलला हातच न लावणे: विषयात भर नाही, तळटीप नाही, मजकुरात बदल नाही. सही शाबूत राहते आणि डीमार्क पार होतो. पॅच येणाऱ्या लिस्टसाठी मी निःसंकोच दुसरा मार्ग सुचवेन. पहिल्या मार्गात पत्ता बदलला की गिट (कोडमधले बदल नोंदवणारे साधन) त्या पॅचचा लेखक म्हणून लिस्टचेच नाव नोंदवू शकते आणि ज्याने काम केले त्याचे श्रेय हरवते. सदस्यत्व सोडण्याचा दुवा तळटीपेत नसला तरी चालतो. तो हेडरमध्ये असावाच. सोडायचे कसे ते सापडले नाही, की लोक 'स्पॅम' बटण दाबतात आणि लिस्टच्या सर्व्हरची पत घसरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांकडून अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राहावे अशी अपेक्षा ठेवतात.

नोंदणीचा फॉर्म उघडा सोडणे

बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) लिस्टचे सदस्य होण्याच्या फॉर्ममध्ये एखाद्या बळीचा पत्ता भरत राहतात आणि त्या माणसाच्या पेटीत शेकडो लिस्टांच्या पुष्टीच्या पत्रांचा पूर येतो. हल्ला त्याच्यावर असतो, हत्यार तुमचा सर्व्हर. मेलमन २ मध्ये फॉर्मसाठी गुप्त किल्ली ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा, कॅप्चाही लावा. पण मेलने पुष्टी घेण्याची पायरी मात्र कधीही काढू नका.

नव्या सदस्याचा पहिला मेल तपासणे ठीक आहे. तपासून मंजूर केला की त्याच्यावरचा मॉडरेशनचा शिक्का त्याच बैठकीत काढा.

एकाच माणसावर सगळे सोपवणे

एकच पासवर्ड शक्यतो सर्वांना वाटू नका; वाटावा लागलाच तर कोणी काम सोडले की तो बदला. वेगवेगळ्या वेळेच्या पट्ट्यांत राहणारे किमान तीन मॉडरेटर असावेत. रोखलेले मेल ठरावीक दिवसांनी आपोआप खोडण्याची मर्यादा लावली असेल, तर ती मॉडरेटरच्या सुट्टीपेक्षा मोठी हवी. अजून मेलमन २ वर असाल तर स्थलांतराची तयारी सुरू करा: ते पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालते आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला.

आर्काइव्हमधला स्पॅम काढतानाही जपून. मेलमन २ च्या आर्काइव्हमधून एक मेल पूर्ण खोडून तो पुन्हा बांधला, तर पुढच्या मेलचे क्रमांक सरकतात आणि बग ट्रॅकरमध्ये दिलेले जुने दुवे भलतीकडे जातात. मेल जागेवर ठेवून फक्त मजकूर पुसा.

'माझा मेल आलाच नाही' असे कोणी म्हणाले तर

अंदाज बांधत बसू नका. त्याच्याकडून मेसेज-आयडी (हेडरमधली त्या मेलची स्वतंत्र ओळख) मागवा आणि क्रमाने शोधा. आधी पोस्टफिक्सचा लॉग: मेल पोचला होता का, की दारातच नाकारला गेला? मग मेलमन २ ची 'व्हेट' नावाची नोंद. रोखलेले आणि टाकून दिलेले मेल तिथे दिसतात. त्यानंतर 'शंट' रांग. प्रक्रिया करताना बिघाड झाला की मेल तिथे जाऊन पडतात आणि कोणी बघितले नाही तर महिनोन्‌महिने तसेच राहतात.

हे सगळे ठीक असेल आणि सदस्य जीमेलवर असेल, तर मेल बहुधा हरवलेला नसतोच. आपणच पाठवलेल्या मेलची लिस्टवरून परत आलेली प्रत जीमेल इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही. शिवाय मेलमनमध्ये दुहेरी प्रती टाळण्याचा पर्याय चालू असेल, तर ज्याचा पत्ता सीसीमध्ये आहे त्याला लिस्टची प्रत मिळत नाही. अशा वेळी त्याला आर्काइव्हमधल्या त्याच्या मेलचा दुवा पाठवा.