उद्यानात फुलपाखरांची बाग: आधी पानं, मग फुलं

नुसती फुलझाडं लावली तर फुलपाखरं येतात, मध पितात आणि पुढे जातात. त्यांनी इथेच अंडी घालावीत असं वाटत असेल तर अळीच्या खाण्याची सोय आधी करायला हवी. प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते, म्हणून रोपांच्या यादीत खाद्यवनस्पती वर आणि फुलझाडं खाली.

उद्यानाच्या व्यवस्थापनाकडून परवानगी लेखीच घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: वाफ्यात आणि आसपास कीटकनाशक किंवा डासांसाठीचा धूर मारायचा नाही, स्वयंसेवकांना न विचारता छाटणी करायची नाही, आणि पाणी कोण घालणार. बहुतेक बागा रोपांच्या चुकीने नव्हे, फवारणीने संपतात.

जागेला किमान ५-६ तास ऊन हवं, त्यातही सकाळचं. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. वारा येतो त्या बाजूला झुडपांची रांग असावी. सुरुवातीला २० फूट बाय १० फुटांचा तुकडा पुरे. माती फूटभर खोल मोकळी करून तीन भाग मातीला एक भाग कंपोस्ट मिसळा. लागवड पावसाळ्याच्या तोंडावर केली तर रोपं मुळं धरतात.

उद्यानात आधीपासून काय आहे ते बघून घ्या. बहावा असेल तर कॉमन एमिग्रंट या फुलपाखराची आणि उंच हिरवा अशोक असेल तर टेल्ड जेची सोय झालेलीच असते. नवी लागवड करताना (कंसात त्यावर वाढणारी फुलपाखरं) कढीपत्ता आणि लिंबू (कॉमन मॉरमॉन, लाइम बटरफ्लाय), रुई (प्लेन टायगर), कृष्णकमळ (टॉनी कोस्टर), पानफुटी (रेड पिअरो) आणि कोरांटी (लेमन पॅन्सी) घ्या. कढीपत्त्याची ५-६ रोपं तरी लावा, कारण दोन-चार मोठ्या अळ्या एक लहान रोप सहज बोडकं करतात आणि मग उपाशी मरतात. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, तेव्हा ती मुलांच्या वाटेपासून दूर, मागच्या रांगेत. एरंडावर कॉमन कॅस्टर वाढतं, पण त्याच्या बिया विषारी असल्यामुळे मुलं खेळतात तिथे तो नकोच.

मधासाठी पेंटास, एक्झोरा, तुळस आणि एकेरी पाकळ्यांचा झेंडू. एका जातीची ५-७ रोपं एकत्र लावा. एकेकटं रोप फुलपाखराच्या नजरेत भरत नाही, आणि भरगच्च दुहेरी फुलांत मध कमी असतो. खुळखुळ्याची चार रोपं जरूर असावीत. टायगर आणि क्रो जातींचे नर त्यातली रसायनं शोषायला येतात. घाणेरीवर फुलपाखरं कितीही येत असली तरी ती लावू नका. ती पसरते आणि बाकीच्या झाडोऱ्याला मारते.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर औषध मारलं होतं का, ते विचारून घ्या. मुळांतून शोषली जाणारी औषधं पानांत बराच काळ राहतात आणि पान धुतलं तरी जात नाहीत. शंका असेल तर बिया किंवा फांद्यांपासून स्वतःच रोपं करा. कडुलिंबाचं तेलही अळ्यांना मारतं. मावा आला तर पाण्याची धार मारा किंवा बोटांनी पुसून काढा.

एका कोपऱ्यात उथळ थाळीत वाळू आणि माती भरून चिमूटभर मीठ घाला आणि ती ओलसर ठेवा. क्षारांसाठी नर तिथे बसतात. पाणी साचू देऊ नका, नाहीतर डास होतील. शेजारी अतिपिकलेली फळं ठेवली तर मधाऐवजी त्यांचा रस पिणाऱ्या जाती येतात. थोडं गवत न कापता सोडा. इव्हनिंग ब्राउनच्या अळ्या त्यावरच वाढतात.

खरी कसोटी पुढे लागते. रोपांची पानं कुरतडलेली दिसली की तक्रारी येतात. रेड पिअरोची अळी तर पानफुटीच्या पानाच्या आत शिरून खाते. पान डागाळतं आणि रोगट समजून कुणीतरी उपटून टाकतं. उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण ३-४ आठवडे लागतात, तेवढा काळ त्या झाडाला हात लावायचा नाही. कोषात जाण्याआधी पुष्कळ अळ्या झाड सोडून जवळच्या काटक्यांकडे किंवा भिंतीकडे जातात, त्यामुळे वाफ्यातला पाचोळा आणि वाळक्या काड्या झाडूने साफ करू नका. छाटणी करावीच लागली तर एका वेळी एक तृतीयांश झाडांची, पानं उलटून अंडी बघून झाल्यावर. ‘अळ्या आहेत, पानं तोडू नका, फवारू नका’ अशी ठळक अक्षरांची पाटी पहिल्या दिवशीच लावा आणि झाडलोट करणाऱ्यांना अळी, कोष प्रत्यक्ष दाखवा.